कृषी अर्थशास्त्राची पदवी : महाविद्यालय निवडण्यापूर्वी काय पाहावे?

बियाणे खरेदी करताना आपण पिशवीवरील चित्र पाहून थांबत नाही. वाण कोणता, उगवणशक्ती किती, आपल्या जमिनीला तो मानवेल का, मागील वर्षी शेजाऱ्याला कसा उतरला, एवढी चौकशी करूनच पैसे मोजतो. मुलाच्या किंवा मुलीच्या उच्च शिक्षणाच्या बाबतीत मात्र पुष्कळदा अशी चौकशी होत नाही. इमारत मोठी दिसली, जाहिरात चांगली वाटली किंवा ओळखीच्या कोणी नाव सुचविले की प्रवेश घेतला जातो. बियाणे चुकले तर एक हंगाम जातो. अभ्यासक्रम चुकला तर पाच-सहा वर्षे आणि घरची पुंजी जाते.

अलीकडे कृषी पदवीधरांमध्ये कृषी अर्थशास्त्र या विषयाकडे ओढा दिसतो. कृषिविद्या शिकवीत असताना विद्यार्थी व त्यांचे पालक या विषयाबद्दल वारंवार विचारतात. तो कोणासाठी आहे, कोठे शिकावा, नंतर काय करता येते आणि महाविद्यालय कसे पारखावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

कृषी अर्थशास्त्रात काय शिकवितात?

आमच्या कृषिविद्येच्या प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी एक तक्ता असतो. कोणत्या प्रक्रियेत हेक्टरी उत्पादन किती आले, लागवड खर्च किती झाला, निव्वळ नफा किती आणि लाभ-खर्च गुणोत्तर किती, हे त्यात दिलेले असते. सर्वांत जास्त उत्पादन देणारी प्रक्रिया सर्वांत जास्त नफा देणारी असतेच असे नाही. नत्राची शेवटची मात्रा दिल्याने जेवढे उत्पन्न वाढते, त्यापेक्षा तिचा खर्च जास्त असेल, तर ती मात्रा पिकाला लागू पडली तरी शेतकऱ्याला लागू पडत नाही. आमचा विषय जेथे संपतो तेथून कृषी अर्थशास्त्र सुरू होते.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. हमीभावाच्या चर्चेत 'ए-२ अधिक कौटुंबिक मजुरी' आणि 'सी-२' हे शब्द आपण ऐकले असतील. शेतकऱ्याने बियाणे, खते, औषधे, मजुरी, यंत्रे, पाणी इत्यादींवर केलेला प्रत्यक्ष खर्च, अवजारांचा घसारा, खेळत्या भांडवलावरील व्याज आणि खंडाने जमीन घेतली असल्यास तिचा खंड, हे सर्व मिळून ए-२ खर्च होतो. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाचे मोल मिळविले की ए-२ अधिक कौटुंबिक मजुरी होते. त्यापुढे स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरले की सी-२ होतो.

आता केवळ हिशेब समजण्यासाठी असे धरू, की एका पिकाचा ए-२ खर्च क्विंटलला ३,००० रुपये, कौटुंबिक मजुरी ५०० रुपये आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज मिळून १,१०० रुपये आहे. पहिल्या पद्धतीने खर्च ३,५०० रुपये आणि त्याची दीडपट ५,२५० रुपये होते. दुसऱ्या पद्धतीने खर्च ४,६०० रुपये आणि त्याची दीडपट ६,९०० रुपये होते. फरक क्विंटलला १,६५० रुपयांचा. वीस क्विंटल माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा ३३,००० रुपयांचा फरक आहे. केंद्राच्या २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा झाली, तेव्हा दीडपट कोणत्या खर्चाच्या, यावरच मोठा वाद झाला; तो आधार ए-२ अधिक कौटुंबिक मजुरीचा ठेवण्यात आला. एका व्याख्येवर किती पैसा अवलंबून असतो हे यावरून लक्षात येईल. ही व्याख्या समजणारी, ती तपासणारी आणि तिच्यासाठी गावोगावी आकडे गोळा करणारी माणसे या विषयातून तयार होतात.

दुसरे उदाहरण उत्पन्नाचे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीनुसार २०१८-१९ या कृषी वर्षात देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यापैकी पीक उत्पादनातून ३,७९८ रुपये, तर मजुरी व पगारातून ४,०६३ रुपये मिळत होते. म्हणजे सरासरी शेतकरी कुटुंब पिकापेक्षा मजुरीवर जास्त कमावीत होते. असे का झाले, कोणत्या भागात झाले, जमीनधारणा किती असता चित्र पालटते, हे प्रश्न कृषी अर्थशास्त्राचे आहेत. पदव्युत्तर अभ्यासक्रमात सूक्ष्म व समग्र अर्थशास्त्र, उत्पादन अर्थशास्त्र, विपणन व किंमत विश्लेषण, कृषी वित्त व प्रकल्प व्यवस्थापन, नैसर्गिक साधनसंपत्तीचे अर्थशास्त्र आणि अर्थमिती हे विषय येतात. यातील अर्थमिती म्हणजे संख्याशास्त्राच्या साहाय्याने आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र होय. गणिताची भीती असलेल्या विद्यार्थ्याने ही बाब आधीच लक्षात घ्यावी.

महाराष्ट्राची परंपरा

हा विषय आपल्या राज्याला नवा नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान हे मूळचे कृषी रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये या गावात सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, असे त्यांनी दाखविले. जमिनीच्या तुकडीकरणाचा प्रश्न असा आकड्यांनिशी पुढे आला.

पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या काळात पुण्याच्या फळबाजाराची पाहणी १९३३ मध्ये आणि वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९७०-७१ पासून देशभर प्रमुख पिकांच्या लागवड खर्चाची सर्वंकष योजना सुरू झाली. आपल्या राज्यात ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामार्फत राबविली जाते. निवडलेल्या प्रत्येक गावसमूहात लहानापासून मोठ्यापर्यंत पाच जमीनधारणा गटांतून प्रत्येकी दोन, असे दहा शेतकरी घेतले जातात आणि त्यांच्या शेतीचा खर्च व उत्पन्न वर्षभर नोंदविले जाते. कृषी मूल्य आयोग याच नोंदींचा आधार घेतो. तेव्हा विद्यापीठाचा नोंदणी करणारा कर्मचारी आपल्या बांधावर आला, तर त्याला खरे आकडे द्यावेत, हेही जाता जाता सांगणे आवश्यक आहे.

आधी वाट ठरवावी, मग महाविद्यालय

या विषयाकडे जाण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. त्या बारावीतच फुटतात, पण अनेक पालकांना हे उशिरा कळते.

पहिली वाट कृषी विद्यापीठाची. बारावी विज्ञान शाखेनंतर सामाईक प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांची बी.एस्सी. (कृषी) पदवी घ्यावी लागते. या पदवीत सर्व विद्यार्थ्यांना कृषी अर्थशास्त्राची तत्त्वे, कृषी वित्त व सहकार, विपणन आणि प्रक्षेत्र व्यवस्थापन हे विषय थोडेथोडे शिकविले जातात. आपल्या गावात येणारे कृषिदूत आणि कृषिकन्या याच पदवीचे विद्यार्थी असतात. खरे विशेषीकरण त्यानंतरच्या दोन वर्षांच्या एम.एस्सी. (कृषी) पदवीत होते. महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी आणि डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली, या चारही विद्यापीठांत हा विषय आहे. पुणे व नागपूर येथील जुन्या कृषी महाविद्यालयांतही तो शिकविला जातो. राज्याबाहेर नवी दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था, लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ आणि कोइंबतूरचे तमिळनाडू कृषी विद्यापीठ ही नावाजलेली केंद्रे आहेत. दुग्ध अर्थशास्त्रासाठी कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आणि मत्स्य अर्थशास्त्रासाठी मुंबईची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था यांचा विचार करता येतो.

दुसरी वाट सर्वसाधारण अर्थशास्त्राची. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कृषी विद्यापीठाचे दार सहसा बंद असते, पण विषयाचे दार बंद नसते. अर्थशास्त्रात पदवी घेऊन पुढे एम.ए. किंवा एम.एस्सी. करताना शेतीविषयक अभ्यास निवडता येतो. पुण्याच्या गोखले संस्थेने शेती-व्यवसाय अर्थशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रमही चालविला आहे. प्रवेशाच्या वर्षी तो उपलब्ध आहे का, हे माहितीपत्रकात पाहावे. मुंबईत गोरेगाव येथे रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. तेथील अभ्यासक्रम गणितप्रधान आहे. या वाटेने जाणाऱ्याने पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र ठेवावे.

याशिवाय एक तिसरी पाटी दिसते, ती कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाची. हैदराबादची राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था आणि पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था येथे असे अभ्यासक्रम आहेत. हे शिक्षण उपयुक्त आहे, पण ते अर्थशास्त्र नव्हे. कंपनीची विक्री, खरेदी व मालपुरवठा सांभाळण्यासाठी ते असते. ज्याला संशोधन, अध्यापन किंवा धोरणविषयक काम करावयाचे आहे, त्याने अर्थशास्त्र घ्यावे; ज्याला उद्योगात लवकर शिरावयाचे आहे, त्याने व्यवस्थापन घ्यावे. दोन्हींची नावे सारखी वाटतात म्हणून गफलत होते.

पदवीच्या नावाला महत्त्व आहे

नोकरीच्या जाहिरातीत पात्रता पदवीच्या नावानिशी दिलेली असते. ज्ञान सारखे असले तरी नाव वेगळे असल्यास अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून शेवटचे टोक आधी पाहावे.

राष्ट्रीयीकृत बँकांतील कृषी अधिकारी पदासाठी कृषी किंवा संलग्न शाखेची चार वर्षांची पदवी लागते. महाराष्ट्र कृषी सेवेच्या परीक्षेलाही कृषी शाखेची पदवी लागते. कृषी विद्यापीठात अध्यापन किंवा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांत शास्त्रज्ञ व्हावयाचे असल्यास कृषी अर्थशास्त्र विषयाचे पदव्युत्तर शिक्षण व त्या विषयातील राष्ट्रीय परीक्षा यांचा मार्ग आहे. ही दारे पहिल्या वाटेने उघडतात.

याउलट, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती या विषयांची पदव्युत्तर पदवी मागितली जाते. या यादीत कृषी अर्थशास्त्राचे नाव नाही. ज्या मुलाला ही सेवा खुणावते, त्याने एम.एस्सी. (कृषी) ला प्रवेश घेण्यापूर्वी ती जाहिरात शब्दशः वाचावी. दोन वर्षे शिकून झाल्यावर ती वाचली तर उपयोग नाही. नाबार्डच्या अधिकारी परीक्षेत सर्वसाधारण जागांबरोबर शेती शाखेच्याही जागा असतात; त्या वर्षीची विभागणी पाहून निर्णय घ्यावा.

विभाग कसा पारखावा?

बी.एस्सी. (कृषी) पदवीला एका विद्यापीठाच्या सर्व महाविद्यालयांत अभ्यासक्रम जवळजवळ एकच असतो. तेथे प्रक्षेत्र, प्रयोगशाळा, वसतिगृह व शिक्षकांची हजेरी पाहावी. एम.एस्सी. चे तसे नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या ७० श्रेयांकांपैकी ३० श्रेयांक प्रबंधाचे असतात. म्हणजे जवळजवळ निम्मे शिक्षण हे मार्गदर्शक, माहिती गोळा करण्याची सोय आणि ग्रंथालय यांवर अवलंबून असते. म्हणून विद्यापीठाच्या नावाबरोबर विभाग पाहावा. प्रवेशापूर्वी शक्यतो एक दिवस काढून विभागाला भेट द्यावी आणि पुढील गोष्टी विचाराव्यात.

१) शिक्षकांची भरलेली पदे किती? मंजूर पदे किती आणि प्रत्यक्षात भरलेली किती, हे विचारण्यात संकोच करू नये. फळीवर नावे दहा आणि कामावर तीन असतील, तर अर्थमिती व विपणन दोन्ही विषय एकाच शिक्षकाला ओढावे लागतात. एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी आहेत, हेही विचारावे.

२) मागील पाच वर्षांचे प्रबंध कोणते? ही सर्वांत खात्रीची कसोटी आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या 'कृषिकोश' या संकेतस्थळावर अनेक कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले आहेत. घरी बसून मोबाईलवरही ते पाहता येतात. केवळ शीर्षके वाचली तरी पुष्कळ कळते. एकाच जिल्ह्यातील पीक बदलून दरवर्षी तोच अभ्यास होत असेल, प्रश्नावली तीच आणि निष्कर्षही तेच असतील, तर विद्यार्थ्याला नवे काही शिकायला मिळणार नाही. सिंचन, साठवणूक, पीक विमा, शेतकरी उत्पादक कंपन्या, वायदे बाजार, मजुरांचे स्थलांतर असे निरनिराळे प्रश्न हाताळलेले दिसले, तर विभाग जागा आहे असे समजावे.

३) नमुना कसा निवडतात? किती शेतकऱ्यांना भेटले यापेक्षा कोणाला भेटले हे महत्त्वाचे. समजा, कांद्याच्या नफ्याचा अभ्यास करावयाचा आहे आणि विद्यार्थी लासलगावच्या बाजार आवारात उभा राहून ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना प्रश्न विचारतो. त्याला माल विकायला आलेले भेटतील. ज्याचा कांदा चाळीत सडला, ज्याने भाव पाहून माल आणलाच नाही किंवा बांधावरच व्यापाऱ्याला दिला, तो त्याला भेटणार नाही. आकडेमोड कितीही बिनचूक असली तरी उत्तर चुकीचे येईल. ज्या विभागात शिक्षक हा मुद्दा विद्यार्थ्यांना समजावून देतात, तो विभाग चांगला. भेटीच्या वेळी शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला सहज विचारावे, "तुम्ही शेतकरी कसे निवडलेत?" त्याच्या उत्तरावरून विभागाची पातळी कळते.

४) चालू योजना कोणत्या? लागवड खर्चाची योजना, बाजारभाव विश्लेषण किंवा बाहेरून निधी मिळालेला एखादा संशोधन प्रकल्प विभागात चालू असेल, तर विद्यार्थ्याला अनेक वर्षांचे आकडे हाताळायला मिळतात. अनुभवी पाहणी कर्मचाऱ्यांबरोबर गावात जाण्याची संधी मिळते. स्वतः दोन महिन्यांत गोळा केलेल्या माहितीपेक्षा वीस वर्षांच्या नोंदींवर काम करणे, हे वेगळेच शिक्षण आहे.

५) संगणकावर काम करू देतात का? आज अर्थमितीची आकडेमोड संगणकावर होते. त्यासाठी महागड्या प्रणालीच हव्यात असे नाही; 'आर' ही प्रणाली मोफत मिळते. प्रश्न एवढाच, की विद्यार्थी स्वतः विश्लेषण करतो, की पैसे देऊन बाहेरून करून घेतो? बाहेरून करून घेण्याची पद्धत रूढ असलेल्या ठिकाणी पदवी मिळते, पण विद्या मिळत नाही आणि मुलाखतीत ते उघडे पडते.

६) ग्रंथालयात काय येते? मुंबईत १९३९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कृषी अर्थशास्त्र संस्थेचे त्रैमासिक १९४६ पासून निघत आहे. या विषयातील ते आपल्या देशाचे प्रमुख नियतकालिक आहे. त्याचे जुने-नवे अंक विभागात आहेत का आणि विद्यार्थी ते उघडतात का, हे पाहावे.

७) मागील विद्यार्थी कोठे आहेत? 'शंभर टक्के नोकरी' या जाहिरातीवर विसंबू नये. मागील तीन तुकड्यांतील विद्यार्थी आज काय करतात, याची यादी मागावी. त्यांतील दोघांशी फोनवर बोलावे. किती जण विषयाशी संबंधित कामात आहेत आणि किती जण अजून स्पर्धा परीक्षेची तयारी करीत आहेत, हे नीट समजून घ्यावे.

८) पदवी कोण देणार? खासगी महाविद्यालय असल्यास ते कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, संलग्नता चालू वर्षाची आहे का, प्रमाणपत्रावर पदवीचे नाव काय येईल आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेची अधिस्वीकृती आहे का, या चार गोष्टी कागदावर पाहाव्यात. तोंडी आश्वासन ग्राह्य धरू नये.

मुलगी वसतिगृहात राहणार असेल तर वसतिगृहाची क्षमता, अधीक्षिका तेथेच राहतात का आणि पाहणीसाठी गावोगाव फिरताना कोणती व्यवस्था असते, हेही विचारावे. पाहणीच्या भीतीने मुलींना या विषयापासून दूर ठेवू नये. घरातील स्त्रियांनी शेतात घातलेले तास पुरुष पाहणीदाराला सांगितले जात नाहीत. ते मुलीला सांगितले जातात. लागवड खर्चाच्या हिशेबात त्या तासांना मोल आहे.

शिक्षणाचाही लागवड खर्च काढावा

प्रवेशाचा खर्च म्हणजे फक्त शुल्क, असे धरणे बरोबर नाही. वर सांगितलेला ए-२ आणि सी-२ चा हिशेब येथेही लागू पडतो. हिशेबाची रीत दाखविण्यासाठी दोन वर्षांच्या एम.एस्सी. चे एक उदाहरण घेऊ. आकडे नमुन्यादाखल धरलेले आहेत. आपण आपले भरावेत.

शिक्षण शुल्क व इतर आकार : ६०,००० रुपये
वसतिगृह, खाणावळ, पुस्तके (दरमहा ७,००० प्रमाणे) : १,६८,००० रुपये
प्रबंधासाठी प्रवास, छपाई इत्यादी : २०,००० रुपये
प्रत्यक्ष खर्च : २,४८,००० रुपये
या काळात नोकरी केली असती तर मिळाले असते (दरमहा १५,००० प्रमाणे) : ३,६०,००० रुपये
एकूण : ६,०८,००० रुपये

बुडालेले उत्पन्न खिशातून जात नाही म्हणून ते दिसत नाही. घरच्या माणसांची मजुरी आपण शेतीच्या खर्चात धरत नाही, तसेच हे आहे. हा हिशेब मांडल्यावर दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, चांगल्या व सुमार विभागाच्या शुल्कात जो फरक असतो, तो एकूण खर्चाच्या मानाने लहान असतो. म्हणून केवळ थोडे स्वस्त पडते या कारणासाठी सुमार विभाग निवडू नये. दुसरी म्हणजे, विषयाची खरी आवड नसताना 'नोकरी नाही तर एम.एस्सी. तरी करू' असे म्हणणे फार महाग पडते.

शैक्षणिक कर्ज घ्यावयाचे असल्यास अभ्यासक्रमाच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चालू राहते, हे ध्यानात ठेवावे. कर्जाआधी सवलती पाहाव्यात. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. त्यासाठी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली जागा असावी लागते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत मिळत नाही. अशा जागेसाठी जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा विचार कोणी करीत असेल, तर त्यांनी वरचा हिशेब पुन्हा एकदा मांडावा आणि एक वर्ष थांबून प्रवेश परीक्षा पुन्हा देण्याचा पर्याय त्याच्याशी ताडून पाहावा.

अर्ज करताना

राज्यातील पदव्युत्तर कृषी प्रवेशाची प्रक्रिया महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे पाहते. राज्याबाहेरील विद्यापीठांतील काही जागा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून भरल्या जातात. या परीक्षेत वरचा क्रमांक मिळविणाऱ्यांना शिष्यवृत्तीही मिळते. तिचा विषयगट अर्ज भरतानाच निवडावा लागतो, म्हणून बी.एस्सी. च्या तिसऱ्या वर्षीच विषय पक्का करावा. दोन्ही परीक्षा द्याव्यात. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, अधिवास व लागू असल्यास जातवैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता तयार ठेवावीत. दरवर्षी काही विद्यार्थ्यांच्या जागा कागदांवाचून जातात.

पसंतीक्रम भरताना पहिल्या तीन जागी महाविद्यालय कोणते, यापेक्षा विषय कोणता हे ठरवावे. कृषी अर्थशास्त्रच हवे असेल, तर जवळच्या महाविद्यालयातील दुसऱ्या विषयापेक्षा दूरच्या महाविद्यालयातील हा विषय वर ठेवावा. घरापासून दोनशे किलोमीटरचे अंतर दोन वर्षांपुरते असते. विषय जन्मभर राहतो.

सारांश, या विषयाची निवड करताना प्रथम मुलाचा कल व गणिताची तयारी पाहावी. नंतर त्याला पुढे कोठे पोचायचे आहे ते ठरवून पदवीचे नाव त्या पात्रतेशी जुळते का हे पाहावे. मग विभागाला भेट द्यावी, प्रबंध चाळावेत, शिकून गेलेल्यांशी बोलावे आणि शेवटी खर्चाचा पूर्ण हिशेब मांडावा. हमीभाव, पीक विमा, कर्ज आणि बाजार यांविषयीचे निर्णय आकड्यांवर होतात. ते आकडे ज्याने बांधावर उभे राहून पाहिले आहेत, असा शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी त्या टेबलाशी बसलेली असणे, हे आपल्या सर्वांच्या हिताचे आहे. म्हणून प्रवेश अर्ज भरण्याआधी आपल्या मुलांबरोबर विभागाची एक फेरी अवश्य करावी.